आयोवाच्या काट्यावरून

मागच्या एका अंकात मी आमच्या इथल्या सुगीवर दोन पानं लिहिली होती. मी मूळची औसा तालुक्यातली, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते आणि सुगीत धान्याच्या सहकारी कोठारावर काट्यापाशी बसते, एवढाच त्यातला ऐवज. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली आणि म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना उत्तर देणं जमलेलं नाही. ज्यांना दोनच ओळी मिळाल्या त्यांनी राग मानू नये.

आयोवा नेमकं कुठे? तिथली जमीन आमच्यासारखीच काळी आहे म्हणता, मग फरक कशात? (निवृत्त शिक्षक, निलंगा)

गुरुजी, अमेरिकेच्या नकाशात मधोमध बोट ठेवा आणि जरा उजवीकडे, वर सरकवा. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिसुरी, आणि या दोन नद्यांच्या मधला भाग म्हणजे आयोवा. क्षेत्रफळ १ लाख ४६ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी. माणसं मात्र जेमतेम ३२ लाख. लातूर आणि धाराशिव हे दोनच जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेत ४१ लाख होते, म्हणजे विरळपणाचा अंदाज येईल.

जमीन काळी आहे, पण ती वेगळ्या घरची काळी. आपली काळी जमीन लाव्हाच्या खडकाची झीज होऊन बनलेली. पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, लहानपणी त्या भेगांत आमच्या गोट्या जायच्या. इथल्या जमिनीला तशा भेगा पडत नाहीत. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडून बर्फाचे थर सरकत आले, त्यांनी खडक भरडून माती सपाट पसरली. वर वाऱ्याने उडून आलेल्या बारीक मातीचे थर बसले. मग त्यावर पुरुषभर उंचीचं गवत वाढत राहिलं, त्याच्या मुळ्या खोल खोल कुजत गेल्या. ते गवत आता हजारात एक भागही उरलेलं नाही, पण त्याच्या कुजण्यावर हे राज्य जगतंय. पहिल्या वर्षी मी इथली ढेकळं हातात घेऊन फोडली होती. ओलसर, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला तीन वर्षं लागली. पाऊस इथे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर. लातूरची सरासरी ८०० च्या आसपास. म्हणजे फार फरक नाही! तरी २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि इथला शेतकरी शेतातलं पाणी बाहेर कसं काढायचं या काळजीत असतो. बर्फाच्या थरांनी मागे सोडलेला सपाट भाग मुळात दलदलीचा होता. दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी तीन-चार फूट खोल चर खणून भाजक्या मातीचे नळ पुरले. त्यांना ‘टाइल’ म्हणतात. आज तिथे भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप असतात. वरून काहीच दिसत नाही. सपाट शेत, आणि खाली नळांचं जाळं पाणी ओढ्याकडे नेतंय. आपल्याकडे माणूस ठिबक कोणत्या कंपनीचं हे सांगतो, तसा इथला माणूस टाइल किती फुटांवर टाकलीय ते सांगतो. विहीर, बोअर, मोटार, रात्रीची लाइट यातलं काही नाही. पाऊस एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत थोडा थोडा पडतो, माती तो धरून ठेवते.

आणि गुरुजी, बांध नाहीत. वसाहतीच्या आधीच सरकारी मोजणीदारांनी सगळा मुलूख एक मैल बाय एक मैल चौकोनांत आखला. एक चौकोन ६४० एकरांचा, त्याचा पाव १६० एकरांचा. प्रत्येक मैलावर सरळ रस्ता. विमानातून बघाल तर चौकडीची चादर अंथरल्यासारखं. त्यामुळे बांध कोरला म्हणून डोकी फुटत नाहीत, पांदण अडवली म्हणून तहसीलला खेटे नाहीत. पण हे चौकोन आखले ते कोणाच्या जमिनीवर, हेही सांगायला हवं. मेस्क्वाकी नावाच्या मूळ रहिवाशांना इथून कॅन्सासला हाकललं होतं. त्यातले काही परत आले आणि १८५७ मध्ये त्यांनी आपल्याच मुलुखातली ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली. ती वस्ती आजही टामा काउंटीत आहे (काउंटी म्हणजे इथला जिल्हा).

सोयाबीन एकरी किती होतं? आणि खरंच त्यांना आमच्यापेक्षा जास्त भाव मिळतो का? (शेतकरी, चाकूर)

दादा, तुमचं पत्र सगळ्यात मोठं होतं आणि तुम्ही शेवटी हिशेब मागितलाय, म्हणून हिशेबच देते.

सोयाबीन एकरी ६० बुशेल धरा. बुशेल हे इथलं माप, सोयाबीनचा एक बुशेल २७ किलोंचा. म्हणजे एकरी १६ क्विंटल. मका एकरी २०० बुशेल, आणि मक्याचा बुशेल २५ किलोंवर थोडा, म्हणजे ५० क्विंटल. हे राज्याचं चांगल्या वर्षीचं सरासरी पीक आहे, पारितोषिकवाल्याचं नव्हे. आपल्याकडे सोयाबीनची सरासरी एकरी चार-पाच क्विंटलांवर अडते. माझे वडील दहाला पोचले त्या वर्षी त्यांनी पेढे वाटले होते.

याचं कारण नुसतं बियाणं नाही. इथे सोयाबीन मेच्या सुरुवातीला पेरतात आणि सप्टेंबरच्या शेवटी काढतात. आपलं जेएस-३३५ वाण शंभर दिवसांत मोकळं होतं, इथलं पीक त्याहून महिनाभर जास्त रानात उभं राहतं. जूनमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन, हे चक्र सहसा मोडत नाहीत. आणि वर्षात पीक एकच, कारण डिसेंबरपासून जमीन गोठून दगड होते. हां, आणि तणनाशक सहन करणारं जनुक घातलेलं बियाणं दहातल्या नऊ एकरांवर असतंच. आपल्याकडे त्याची लागवड करायला परवानगी नाही.

आता भाव. सोयाबीन बुशेलला १० डॉलर धरा, गेली दोन-एक वर्षं त्याच्या आगेमागेच फिरतंय. क्विंटलला होतात ३७ डॉलरच्या आत. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३,१०० रुपये. तुमचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता. तो मिळत नाही, केंद्रावर नंबर लागत नाही, ही तुमची तक्रार मला मान्य आहे, माझ्या भावाचीही तीच आहे. पण आयोवातल्या माणसाला भाव जास्त मिळतो हे डोक्यातून काढून टाका. त्याला क्विंटलला कमीच मिळतात, फक्त क्विंटल जास्त असतात. शिवाय पीकविम्याच्या हप्त्यातला मोठा भाग सरकार भरतं. तो नसता तर यातले निम्मे लोक बँकेच्या दारात दिसले असते, असं माझं मत आहे. आमच्या कोठारावर हे बोलून दाखवलं तर चहा मिळणार नाही, म्हणून मराठीत लिहिते.

खर्चाची बाजूही बघा. निम्म्याहून जास्त जमीन इथे ठोक्याने केलेली असते. ठोका एकरी २७०-२८० डॉलर, म्हणजे ६० बुशेलांच्या ६०० डॉलरमधले जवळजवळ निम्मे मालकाला गेले. उरलेल्यात बियाणं, फवारणी, डिझेल, आणि बंगल्याच्या किमतीच्या हार्वेस्टरचा हप्ता.

काट्यावर काय होतं तेही तुम्ही विचारलंय. मोंढ्यात तुमचा जातो तसा दिवस जात नाही. ट्रक काट्यावर चढतो, एका ट्रकात मका साडेनऊशे बुशेल, म्हणजे २३-२४ टन. वरून एक लोखंडी नळी ट्रकात खुपसली जाते आणि नमुना माझ्या खिडकीपाशी येऊन पडतो. मी हवा बघते. (इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे धान्यातल्या ओलाव्याला ‘हवा’ म्हणतात, आणि ‘हवा किती आली?’ या एका प्रश्नावर संसार चालतात.) मक्याला १५ टक्के चालते, सोयाबीनला १३. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला कपात, ती भिंतीवर लिहिलेली. ट्रक रिकामा होऊन परत काट्यावर येतो, मी पावती देते. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. ड्रायव्हर खाली उतरतही नाही. हमाली नाही, तोलाई नाही, आडत नाही, मातेरं झाडून नेणारी बाई नाही. पहिल्या सुगीत मला हे सगळं फार छान वाटलं होतं. मग लक्षात आलं की लातूरच्या मोंढ्यात या कामावर जी तीस-चाळीस माणसं जगतात, ती इथे नाहीतच.

माझ्या खिडकीवर भावाची पाटी असते. शिकागोच्या बाजारातला आकडा, त्यातून आमच्या गावाचे ३०-४० सेंट वजा. नदीपासून गाव जितकं लांब तितकं जास्त वजा, कारण माल मिसिसिपीतून बोटींच्या तांड्याने समुद्राकडे जातो. २०२२ च्या ऑक्टोबरात नदीचं पाणी उतरलं, बोटी अर्ध्या भरायला लागल्या, आणि पाटीवरचा आकडा खाली आला. पीक तेच, हवा तीच. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जकात लावली तेव्हाही तेच झालं. २०२५ च्या सुगीत तर चीनने कित्येक महिने एक दाणा उचलला नव्हता. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातुरात सोयाबीन दहा हजारांवर गेलं, मग कोंबड्यांच्या खाद्यासाठी परदेशी पेंड आणायला केंद्राने परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कुठल्या कुठे आला. मला त्या महिन्यात दोन्हीकडचे फोन आले. शेजारचे म्हातारे विचारत होते, तुमचा देश आमची पेंड घेणार का? आणि भाऊ विचारत होता, ही पेंड तुमच्याकडूनच येतीय का?

एवढ्या मक्याचं करतात काय? कणसं भाजून खातात का? (कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी, परभणी)

कणसं खातात, पण ती गोड मक्याची. जुलैत रस्त्याकडेला छोट्या गाडीवर डझनाने विकतात. लिंबू-तिखट लावून दिलं तर शेजारी डोळे पुसत खातात. शेतात जो मैलोगणती दिसतो तो मका माणूस खातच नाही. त्यातला निम्म्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, उरलेला चोथा गुरांना. बाकीचा डुकरांना. या राज्यात दोन कोटींहून जास्त डुकरं आहेत, माणशी सात पडतात. ती कधी दिसत नाहीत, लांबलचक बंद शेडमध्ये असतात, वास मात्र वारा असेल तसा येतो.

आपल्याकडेही आता मक्याचं इथेनॉल निघायला लागलंय. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून करण्यावर निर्बंध आले तशी मक्याची मागणी वाढली. तुम्ही शिकताय म्हणून एक सांगते. मक्याला पेट्रोलपंप हे गिऱ्हाईक एकदा मिळालं की भाव शेतकऱ्याइतकाच तेलाच्या मंत्रालयाकडे बघायला लागतो. इथे कारखान्यांची एक आख्खी पिढी त्यावर उभी आहे. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार इथे प्रचाराला आले की आधी इथेनॉलची शपथ घेतात, मग पुढचं बोलतात.

भाकरी मिळते का तिकडे? (गृहिणी, उदगीर)

मिळते, म्हणजे करावी लागते. ज्वारी जवळच्या कॅन्सासमध्ये रग्गड पिकते आणि गुरांना घालतात. पण गहू न चालणाऱ्यांसाठी तीच ज्वारी दळून दुकानात छोट्या पाकिटात, सोन्याच्या भावात. विरी जाते त्या पिठाची, आधण घालून मळावं लागतं. मिरच्या-कोथिंबीर मेक्सिकन दुकानात मिळते. ती दुकानं कशी आली तर जनावरं कापण्याच्या कारखान्यांत काम करायला मेक्सिको, ग्वाटेमालातून आलेल्या लोकांमुळे. शेतात माणूस लागत नाही, तिथे लागतो. २००८ मध्ये पोस्टव्हिल नावाच्या दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात कागदपत्रं नाहीत म्हणून एका दिवसात ३८९ जणांना धरून नेलं होतं. विचारलं होतं भाकरीबद्दल, गेले कुठे बघा.

कार्व्हर आयोवाचे होते ना? (इयत्ता सातवी, अंबाजोगाई)

जन्माने नाही गं, शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मिसुरी राज्यातले. पण शिकले आयोवात. आधी इंडियनोला गावच्या कॉलेजात, तिथे ते चित्रकला शिकत होते. मग १८९१ मध्ये एम्सच्या शेतकी कॉलेजात आले, तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय शिक्षकही. १८९६ मध्ये दक्षिणेतल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेले. एम्सला असताना ते एका प्राध्यापकांच्या लहान मुलाला बोटाला धरून झाडं दाखवत हिंडायचे. तो मुलगा हेन्री वॉलेस. त्याने मोठेपणी संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी काढली, १९२६ मध्ये, आणि नंतर तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. जास्त पिकणाऱ्या गव्हाचे वाण काढणारे नॉर्मन बोरलॉगसुद्धा इथल्याच क्रेस्को गावचे. त्यांनी सुरू केलेला अन्न पुरस्कार आमच्या राजधानीत, डे मॉइन शहरात देतात, आणि १९८७ चा पहिलाच आपल्या डॉ. स्वामिनाथन यांना मिळाला होता.

इथल्या लोकांना कार्व्हर माहीत असतात, पण मराठी घरांत असतात तितके नाहीत. मी त्यांच्या पुतळ्यापाशी फोटो काढायला उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा बरोबरच्या मैत्रिणीला काही कळेना.

तिकडचा शेतकरी कर्जात नसेल. (अहमदपूर, नाव न छापण्याची विनंती)

तुम्ही प्रश्नचिन्ह दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

माझे शेजारी ऐंशी ओलांडलेले आहेत. सत्तरच्या दशकात धान्याला भाव आला. सरकारी माणसं, बँकेची माणसं सगळेच म्हणाले, जमीन घ्या, जमीन कधी उतरत नाही. यांनी १६० एकर कर्जाने घेतली. १९८० च्या जानेवारीत रशियाला धान्य विकण्यावर अमेरिकेने बंदी घातली. व्याजदर वीस टक्क्यांना टेकले. आयोवात १९८१ मध्ये सरासरी २,१४७ डॉलरला गेलेली एकर १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. कर्ज तेवढंच, तारण तिसऱ्या हिश्शावर. अंगणात लिलाव झाले. शेजारी सांगतात, लिलावाला गावातलेच लोक आले होते आणि मान खाली घालून बोली लावत होते. त्यांचा ट्रॅक्टर त्यांच्या चुलतभावाने घेतला. आत्महत्याही झाल्या. ते याबद्दल बोलताना आपल्यासारखंच करतात, माणसाचं नाव घेत नाहीत, ‘तो पलीकडचा’ म्हणतात.

त्यानंतर राहिले ते मोठे झाले, गेले त्यांची घरंसुद्धा पाडून मका पेरला. माझ्या रस्त्यावर चार मैलांत तीन घरं आहेत. बाकीच्या जागा ओळखू येतात, मक्याच्या मध्येच दोन जुनी झाडं उभी असतात, कारण त्यांच्याखाली कोणाचं तरी अंगण होतं. शाळा एका गावाला परवडत नाही म्हणून तीन-चार गावं मिळून एक, आणि कोणाचं नाव मागे पडू नये म्हणून शाळेचं नाव जोडगाडीसारखं लांबलचक. कित्येक काउंट्यांमध्ये १९०० साली जेवढी माणसं होती तेवढी पुन्हा कधी झाली नाहीत. आज जमीन एकरी ११ हजार डॉलरच्या वर आहे. कागदावर लखपती असलेला म्हातारा सकाळी कोठारावर येतो, आमच्याकडची फुकट कॉफी पितो आणि पाटी बघून जातो.

एवढी रसायनं वापरल्यावर पाण्याचं काय? (पुणे)

जे व्हायचं तेच. मघाशी टाइल सांगितली ना, त्यातून पाण्याबरोबर नायट्रेटही ओढ्यात जातं. डे मॉइन शहराने नळाच्या पाण्यातून ते काढायला नव्वदीच्या दशकातच वेगळा कारखाना उभारला. पाणीपुरवठा संस्थेने २०१५ मध्ये वरच्या काउंट्यांवर खटला भरला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये नद्या भरून वाहत असताना शहरात अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली, कारण तेवढं नायट्रेट काढून संपेना. मात्र पुण्याने मुळा-मुठेकाठी उभं राहून हा प्रश्न विचारावा, याची मला जरा गंमत वाटली.

तुमची इथली जमीन आता कोण करतं? (औसा)

हे पत्र कोणी लिहिलंय ते अक्षरावरून कळलं. बरं, सांगते.

आयोवातली दोन तृतीयांश जमीन ६५ वर्षांपुढच्या मालकांच्या नावावर आहे, त्यात विधवा बायका पुष्कळ. मुलं डेन्व्हरला, फिनिक्सला. म्हातारी गेली की मुलं येतात, तीन दिवस राहतात, जमीन ठोक्याने देऊन जातात किंवा विकून. कोठारावर आम्ही त्यांना नावं ठेवतो. मीही ठेवते.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. धाकट्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. मी केलेली नाही. भाऊच करतो, ठोका मी घेत नाही, पण सहीही देत नाही, आणि तो मागतही नाही. का देत नाही, ते त्याला मी कधी नीट सांगू शकलेले नाही. गेल्या सुगीत पावसात त्याची सोयाबीन काढून रचलेली बनीम भिजली. राशीला हवा अठरा आली, परत घरी आणली, अंगणात पसरली. मला फोटो पाठवला. मी त्याच दिवशी माझ्या खिडकीतल्या पाटीचा फोटो पाठवला होता. त्याने क्विंटलचे रुपये करून पाहिले असणार, कारण तासाभराने उत्तर आलं, “आक्का, तुमचंबी आमच्यासारखंच की गं.” आणि खाली, “पुढल्या खेपेला तूर वाढवावी का?”

मी वाढव म्हटलंय. दोन एकर.